मुखपृष्ठावरचा झगा आणि दारातलं लुगडं

पुरुष कणखर नसतील तर कुठलाच समाज टिकत नाही आणि पूर्वेकडच्या लोकांना हे ठाऊक आहे, असं अमेरिकेतल्या राजकीय भाष्यकार कँडेस ओवेन्स यांनी नोव्हेंबर २०२० मध्ये लिहिलं. 'पुरुषी पुरुष परत आणा' अशी हाकही त्यांनी दिली. त्या दिवसांत पूर्वेकडच्या आमच्या बेळगावात दिवाळी होती.

निमित्त एका मुखपृष्ठाचं होतं. 'व्होग' मासिकाच्या अमेरिकन आवृत्तीच्या डिसेंबर अंकावर हॅरी स्टाइल्स हा इंग्लंडचा पॉपगायक आला होता. अंगात फिकट निळा, झालरींचा लांब झगा, वर काळा कोट, आणि गडी तोंडानं फुगा फुगवतोय. कपडे गुची या इटलीच्या कंपनीचे. फोटो टायलर मिचेलचे. याच मिचेलनं २०१८ साली गायिका बियॉन्सेचे फोटो काढले, तेव्हा या मासिकाच्या मुखपृष्ठाला पहिल्यांदा कृष्णवर्णीय छायाचित्रकार मिळाला होता. मासिक १८९२ सालचं. इतक्या वर्षांत त्याच्या मुखपृष्ठावर एकटा पुरुष कधी आला नव्हता. हॅरी पहिला, आणि तोही झगा घालून. आतल्या मुलाखतीत त्यानं सांगितलं ते अगदी साधं होतं. हे बायकांचे कपडे, हे पुरुषांचे, ही भिंत काढली की खेळायला मोठं अंगण मिळतं, अशा अर्थाचं काहीतरी.

एवढ्यावरून रान पेटलं. बेन शपिरोसारखे उजवे भाष्यकार ओवेन्सबाईंच्या बाजूनं उतरले. अमेरिकन संसदेतल्या अलेक्झांड्रिया ओकाझिओ-कोर्तेझ यांनी फोटो सुंदर आहे असं म्हटलं. बायकापुरुषांच्या ठरलेल्या भूमिका कुणी तपासायला घेतल्या की काही लोकांना ते सोसत नाही, असंही त्या म्हणाल्या. हॅरी बरेच दिवस गप्प होता. डिसेंबरच्या सुरुवातीला त्यानं केळं खातानाचा स्वतःचा एक फोटो टाकला आणि खाली ओवेन्सबाईंचेच शब्द लिहिले, पुरुषी पुरुष परत आणा. त्याची बाजू तिथंच संपली.

आमच्या घरी मात्र ती संपली नाही. भाची तेव्हा बारावीत होती, आणि हॅरी तिच्या खोलीतल्या कपाटाच्या दारावर आधीपासूनच चिकटवलेला होता. फराळाला सगळे सोप्यात बसलेले असताना तिनं तो नवा फोटो मोबाइलवर सगळ्यांना दाखवला. काकांनी चष्मा वर करून पाहिलं.

"काय की हे! बाप्या माणसानं झगा घालायचं म्हंजे काय? बायल्या हाय काय हे पोरगं?"

"आजोबा, केवढा मोठा गायक आहे तो, तुम्हाला माहीत नाही."

"असू दे की मोठा. गाणं म्हण की म्हणावं चांगलं पँट-शर्ट घालून."

दोघं-तिघं हसले. माझा भाऊही हसला. वैनी करंज्यांचा डबा बंद करत होती. तिनं मान वर न करता विचारलं, "बाईसारखं दिसलं तर एवढं काय वाईट झालं, म्हणते मी? आम्ही रोज दिसतोय की."

कुणी काही बोललं नाही. काका वाईट माणूस नाहीत. दोन्ही सुनांना लग्नानंतर शिकवणारा हा माणूस आहे, आणि गल्लीत कुणाच्या घरी दुखलं-खुपलं तर आधी तेच धावतात. तरी तो शब्द त्यांच्या तोंडून किती सहज आला. वैनीनं तो ऐकला तसा मीही ऐकला, आणि लहानपणापासून किती वेळा ऐकलाय ते आठवत बसले. मुलगी शर्ट-पँट घालून स्कूटर चालवायला लागली की तिला 'मुलासारखी' म्हणून शाबासकी मिळते. मुलगा मुलीसारखा दिसला की त्याची किंमत उतरते. म्हणजे खरा अपमान हॅरीचा होत नव्हता. तो इंग्लंडात सुखात होता. अपमान सोप्यात बसलेल्या आम्हा बायकांचा होत होता, आणि तो आमच्याच हातच्या करंज्या खात चालला होता.

काका बसले होते तिथंच त्यांच्या डोक्यावर भिंतीला एक जुनी तसबीर आहे. आजोबांनी लावलेली. भरजरी शालू, नाकात नथ, खांद्यावरून सरळ खाली आलेला पदर, आणि डोळ्यांत एक लाजरं हसू. आमच्या घरातल्या लहान मुलांना ती कुणी आजी-पणजी वाटते. ते नारायण श्रीपाद राजहंस आहेत. बालगंधर्व.

आजोबा नाटकवेडे होते. वडगावातल्या एका माग-कारखान्यात ते हिशेब लिहायचे, आणि पगारातून चार पैसे उरले की ते नाटकाला जायचे. त्यांच्या तोंडून बालगंधर्वांचं वर्णन ऐकताना वाटायचं, हे कुणा देवीबद्दल सांगताहेत. १९०५ साली किर्लोस्कर नाटक मंडळीत आलेला हा मुलगा मिरजेला शकुंतला होऊन उभा राहिला, आणि पुढं भामिनी, रुक्मिणी, सिंधू अशा भूमिकांत लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. बालगंधर्व शालू कसा नेसतात, अंबाड्यावर गजरा कसा माळतात, हे घराघरातल्या बायका बघून उचलायच्या. एका पुरुषाकडून बायका बाईपण शिकत होत्या आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. १९६४ साली सरकारनं त्यांना पद्मभूषण दिलं. त्या तसबिरीपुढं काका आजही दिवाळीत फूल ठेवतात.

आणि हे सगळं कुठल्या मातीतनं आलं? संगीत नाटकाचा पाया घालणारे अण्णासाहेब किर्लोस्कर १८४३ साली जन्मले ते गुर्लहोसूरला, याच बेळगाव जिल्ह्यात. १८८० साली त्यांनी पुण्यात शाकुंतल रंगमंचावर आणलं. आसपास कन्नड बोलणारं गाव, घरी मराठी, आणि कानावर दोन्ही भाषांतली गाणी. गोकाककडच्या कुळगोडमध्ये वाढलेल्या श्रीकृष्ण पारिजात या कन्नड लोकनाट्यातही सत्यभामा आणि रुक्मिणी पुरुष होत आले. सीमाभागात आम्ही भाषेवरून एवढे भांडतो, पण लुगडं नेसून रंगमंचावर येणारा पुरुष दोन्ही भाषांनी सारख्याच मायेनं सांभाळला. कारण मात्र मायेचं नव्हतं. घरंदाज म्हणवणाऱ्या घरांतल्या बाईनं रंगमंचावर यायचं नाही असा दंडक होता, आणि तिची रिकामी जागा पुरुष भरत होता.

ओवेन्सबाईंना मी कोल्हापूरचा एक कोपरा दाखवला असता. निपाणी ओलांडली की कोल्हापूर फार लांब नाही. तिथं राजर्षी शाहू महाराजांनी खासबागेत कुस्त्यांचं मैदान बांधलं, आणि त्याला लागूनच १९१५ साली पॅलेस थिएटर उभं केलं. पुढं त्याला गायक-नट केशवराव भोसल्यांचं नाव मिळालं. हे केशवराव लहानपणी 'शारदा' नाटकातल्या शारदेच्या भूमिकेत गाजलेले. म्हणजे इकडं लाल मातीत मल्ल एकमेकांना भिडताहेत आणि शेजारी पडद्यामागं पुरुष गजरा माळून तयार होताहेत. राजा दोन्हींचा पोशिंदा. एकामुळं दुसऱ्याला कमीपणा येतो असं त्या राजाला वाटलं नाही. आमच्या बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे. कणखर पुरुष म्हणजे काय ते इथल्या गल्ल्यांना कुणी शिकवायची गरज नाही. तरी त्याच गल्ल्यांतल्या सोप्यांमधून बालगंधर्वांच्या तसबिरी लागल्या होत्या.

पण पूर्वेकडं सगळं छान होतं असं म्हणून मला इथं थांबता येत नाही.

गोहरबाई कर्नाटकींचं काय झालं ते आठवा. आताच्या बागलकोट जिल्ह्यातल्या बिळगीच्या या गायिका. १९३० च्या दशकाच्या अखेरीस त्या बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीत आल्या, बालगंधर्वांच्याच ढंगानं गायच्या, आणि नायिकेच्या भूमिका करू लागल्या. पुढं दोघं एकत्र राहिले. ज्या प्रेक्षकानं शालूतल्या पुरुषावर जीव ओवाळला, त्याला शालूतली खरी बाई चालली नाही. ती मुसलमान, ती कर्नाटकातली, ती गाणाऱ्यांच्या घरातली. बालगंधर्वांच्या पडत्या काळाचं खापर तिच्या माथी फोडलं गेलं. आजोबासुद्धा तिचं नाव निघालं की विषय बदलायचे. वस्त्र तेच, गाणं त्याच वळणाचं, भूमिकाही त्याच. नेसणारं माणूस तेवढं वेगळं होतं.

आता आमच्या दारात येणाऱ्या लुगड्याकडे येते.

मी लहान असताना मंगळवारी नाहीतर शुक्रवारी सकाळी चौंडक्याचा, त्या एकतारी वाद्याचा, आवाज यायचा. मागांच्या खटखटीतूनही तो वेगळा ओळखू यायचा. सौंदत्तीच्या यल्लम्मा देवीला सोडलेले, लुगडं नेसणारे जोगाप्पा गल्लीत यायचे. हिरवं लुगडं, कपाळभर भंडारा, गळ्यात कवड्यांची माळ आणि लाल-पांढरे मणी, डोक्यावर देवीचा जग, म्हणजे टोपलीत बसवलेली देवी. आई सुपातून जोंधळे घेऊन बाहेर यायची, परडीत घालायची, पायांना हात लावायची. ते भंडारा लावायचे, घरातल्या प्रत्येकाचं नाव घेऊन उदो म्हणायचे. आई त्यांच्याशी 'या, बसा' असं बोलायची. बाकी गल्ली एकेरीत.

आमच्या भागात शहापुरी लुगडी विणली जायची. मागावर बसणारे बहुतेक पुरुषच. दिवसभर त्यांच्या हातांखालून काठ-पदर सरकायचे, आणि संध्याकाळी धोटा ठेवून ते चहाला बाहेर पडायचे. जोगाप्पांना या कापडाची पारख होती. ते आईच्या पदराचा काठ बोटांत धरून विचारायचे, "आक्का, हे कुणाच्या मागावरचं? घट्ट विणलंय की." एकदा आईनं त्यांना आपलं एक नीट जपलेलं लुगडं दिलं. पुढच्या खेपेला ते तेच नेसून आले. निऱ्या एकसारख्या, काष्टा चापून बसलेला, पदराची एक घडी इकडची तिकडं नाही. शेजारच्या मावशी दारात उभ्या राहून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "बघ गं, आपल्याला मेलं जमत नाही असं." आजोबांच्या काळातल्या बायका नाटकाच्या पडद्याकडं बघून जे म्हणत असतील, तेच त्या म्हणत होत्या.

पण जोगाप्पा गल्लीच्या टोकाला वळले की पोरं मागं लागायची. टाळ्या वाजवायची, तोच तो शब्द ओरडायची, कधी पदर ओढायची. मागावरची मोठी माणसं बाहेर येऊन हसायची. पाच मिनिटांपूर्वी ज्यांच्या आईनं पायांना हात लावला होता, तीच ही पोरं. जोगाप्पा मागं वळून बघायचे नाहीत. जग डोक्यावर असताना तोल जाऊन चालत नाही.

मला देवीच्या नावानं माणूस सोडण्याच्या प्रथेचं कौतुक नाही. सौंदत्तीच्या डोंगरावर लहान मुलींच्या गळ्यात मणी बांधून त्यांच्या आयुष्याची जी माती झाली, ती या जिल्ह्यानं जवळून पाहिली आहे. १९८२ साली कर्नाटकानं देवदासी सोडण्यावर कायद्यानं बंदी आणली, ती हवीच होती. पण ज्या मुलाला आतूनच लुगडं हवंसं वाटतं, त्याला या भागात उघडपणे ते नेसून उभं राहायला कित्येक वर्षं एकच जागा होती, देवीच्या पायाशी. तेवढ्या जागेत नमस्कार. तिथून पाऊल बाहेर पडलं की दगड.

हॅरीच्या मुखपृष्ठावर पुढच्या वर्षी, ऑक्टोबर २०२१ मध्ये, बिली पोर्टर बोलले. हे कृष्णवर्णीय अमेरिकन अभिनेते आणि गायक. २०१९ च्या ऑस्कर सोहळ्याला ते ख्रिश्चन सिरियानो यांनी बनवलेला, वर टक्सिडो आणि खाली घेरदार झगा असा पोशाख घालून गेले होते. त्यांचं म्हणणं असं की हा सगळा खेळ मी बदलला. एक झगा घालण्यासाठी आणि गोळी न लागता तो मिरवण्यासाठी मला जन्मभर झगडावं लागलं, आणि मासिकानं मुखपृष्ठावर कुणाला घेतलं, तर एका गोऱ्या, बायकांवर प्रेम करणाऱ्या मुलाला. त्यावरही गदारोळ झाला. पुढच्या महिन्यात पोर्टर यांनी हॅरीचं नाव मध्ये आणल्याबद्दल जाहीर माफी मागितली, पण मूळ मुद्दा सोडला नाही. हे एकट्या हॅरीबद्दल नाही, असं ते म्हणाले. ज्यांनी वाट पाडली त्यांचंच नाव पुसलं जातं त्याबद्दल आहे.

ते वाचताना माझ्या कानात चौंडकं वाजायला लागलं. मला हॅरीचा फोटो आवडला होता. आजही आवडतो. भाचीच्या वयाच्या मुलांना तो पाहून श्वास मोकळा झाला असेल, तर त्याचं मोल मी कमी करणार नाही. पण ते चित्र निघालं त्या दिवशी हॅरी झगा उतरवून घरी गेला. पोर्टर ज्या लढाईबद्दल बोलत होते ती अशी संध्याकाळी उतरवून खुंटीला टांगता येत नाही. आमच्या जोगाप्पांनाही ती कधी उतरवता आली नाही.

त्याच महिन्यात, नोव्हेंबर २०२१ मध्ये, आणखी एक चित्र देशभर फिरलं. राष्ट्रपती भवनात मंजम्मा जोगती पद्मश्री घ्यायला पुढं आल्या. हात फिरवून त्यांनी राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांची दृष्ट काढली आणि मग पुरस्कार घेतला. बळ्ळारीकडच्या मंजम्मांना घरच्यांनी तरुणपणीच देवीला सोडलं. लुगडं नेसून त्यांनी भीक मागितली, हाल सोसले, जीव द्यायचाही प्रयत्न केला, आणि मग कल्लव्वा जोगती यांच्याकडे जोगती नृत्य, म्हणजे यल्लम्माच्या जोगतींचं नृत्य, शिकल्या. २०१९ मध्ये त्या कर्नाटक जानपद अकादमीच्या, म्हणजे लोककलांच्या अकादमीच्या, अध्यक्ष झाल्या. त्या पदावर पोचलेल्या पहिल्या तृतीयपंथी व्यक्ती. काकांनी तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा लावला. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. "बघ, आपली यल्लम्मा कुठवर पोचली," म्हणाले. भाचीनं माझ्याकडं पाहिलं, पण काही बोलली नाही. मीही नाही. काकांचे अश्रू खरे होते. त्या अश्रूंना उलटतपासणीला उभं करावं असं मला वाटलं नाही.

तरी प्रश्न माझ्यापुरता उरलाच. लोंढ्याहून मिरजेकडे जाणाऱ्या गाडीत टाळी वाजली की डब्यातली माणसं खिडकीबाहेर बघायला लागतात. तीही साडीच असते. राष्ट्रपती भवनाच्या गालिच्यावर आली की तिच्यात आपल्याला संस्कृती दिसते. डब्यात आली की आपण पाकीट चाचपतो. न्यूयॉर्कच्या मासिकावर झगा आला की दोन खंड वाद घालतात, आणि सौंदत्तीच्या वाटेवर कुणाचा पदर ओढला तर स्थानिक पेपरात दोन ओळीही येत नाहीत. आपण कापड बघतच नाही. आधी विचारतो, आत कोण आहे? कुणाचा मुलगा, कुठल्या जातीचा, पैसेवाला की मागून खाणारा? मग ठरवतो की टाळी द्यायची की टाळी वाजवून हिणवायचं.

आपल्याकडं मुखपृष्ठांची काही कमी नाही. १९०९ साली 'मनोरंजन'नं पहिला दिवाळी अंक काढल्यापासून मराठी घरात दिवाळी म्हणजे फराळ आणि अंक. दीनानाथ दलालांनी रंगवलेल्या बायका तर आमच्या आईनं कात्रणं काढून ट्रंकेत ठेवल्या होत्या. नटून बसलेल्या, हातात दिवा घेतलेल्या, पाण्याला निघालेल्या. चित्रकार पुरुष, संपादक बहुधा पुरुष, आणि मुखपृष्ठावर बाई. त्यावर कुणी कधी समाज बुडाल्याचं म्हटलं नाही.

मला एक मुखपृष्ठ हवंय. बेळगावातून निघू दे, कोल्हापुरातून नाहीतर पुण्यातून. पूर्ण पानभर एक जोगती, तिला आवडेल ते लुगडं नेसलेली, आणि ते लुगडं वडगाव-शहापूरच्या मागावरचं असलं तर फारच बरं. दयेचा मथळा नको, 'व्यथा' हा शब्द नको, दुःखी डोळ्यांचा काळा-पांढरा फोटो तर नकोच. रंगीत हवा. फोटो चांगल्या छायाचित्रकारानं, चांगल्या प्रकाशात, तिला विचारून काढावा. तिनं होकार दिलेलं तिचं नाव खाली छापावं, आणि एखाद्या नटीला देतात तेवढं मानधन तिला द्यावं. त्यानंतर काय होईल ते मला ठाऊक आहे. देवीची विटंबना म्हणून पत्रं येतील, अंधश्रद्धेचा उदोउदो म्हणून येतील, पोरांवर काय संस्कार होणार म्हणूनही येतील, आणि त्यांतलं एखादं आमच्या काकांच्या अक्षरातलं असेल. संपादकांनी ती सगळी पत्रं पुढच्या अंकात छापावीत, आणि उत्तर द्यायला तिलाच बसवावं. तिला कन्नडमध्ये द्यायचं असेल तर कन्नडमध्ये.